अण्णा आधी हसले

माणसाने कसं पडावं, याबाबत माझी काही ठाम मतं आहेत. ती आजवर मला कोणीही विचारलेली नाहीत, पण म्हणून माझं कधी अडलं नाही.

पडणारा माणूस मुळात रुबाबदार हवा. अंगात कोट, डोक्यावर टोपी, चालण्यात ऐट आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा. फाटक्या कपड्यातला माणूस पडला तर आपल्याला वाईट वाटतं. ऐटबाज माणूस पडला की आपण खुर्चीतून पुढे सरकतो. पडल्यावर त्याने दुखलेलं चोळायचं नाही. आधी टोपी शोधायची, ती झटकून डोक्यावर ठेवायची आणि मग आपल्याला कोणी पाहिलं का, ते बघायचं. खरं हसू पडण्यात नसतंच, ते या टोपी झटकण्यात असतं. (हे वाक्य मी ज्योतीला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्या वेळा ऐकवलं आहे की मी नुसतं 'खरं हसू' म्हटलं की ती उरलेलं वाक्य पूर्ण करते आणि कुकर लावायला निघून जाते.)

हे ज्ञान मला मिळालं ते शंभर वर्षांपूर्वीच्या त्या काळ्यापांढऱ्या, मुक्या, पंधरा-वीस मिनिटांच्या विनोदी फिल्मांतून. बादलीत पाय अडकलेली माणसं, खांद्यावर शिडी घेऊन चाललेली आणि कोणी हाक मारली की शिडीसकट गर्रकन वळणारी माणसं. मी त्या गेली तीस वर्षं बघतो आहे. केक तोंडावर मारण्याच्या प्रकाराला मी दुय्यम मानतो. त्याला अक्कल लागत नाही, केक लागतो. फिल्म वीस मिनिटांच्या वर गेली की त्यात प्रेम शिरतं आणि पडणं कमी होतं, म्हणून मोठ्या फिल्मा मी टाळतो. आणि या मुक्या फिल्मांना मागून 'टुंईं', 'धप्प' असे आवाज चिकटवणारे जे लोक आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही. (तेही माझ्याशी बोलत नाहीत. ओळख नाही.)

आता यातली खरी अडचण सांगतो. मी मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात सेफ्टी ऑफिसर आहे. माणसं पडू नयेत, हे माझं काम. दिवसभर मी हमालांना आणि ड्रायव्हरांना सांगतो की शिडीला हात लावण्याआधी हेल्मेट घाला, पट्टा बांधा, पट्ट्याचा हूक डोक्याच्या वर मजबूत जागी अडकवा. आणि घरी आल्यावर पट्टा न बांधता पडणारी माणसं बघून डोळे पुसतो! मुलगी मनवा म्हणते की, पप्पा, तुम्ही दिवसा पोलीस आणि संध्याकाळी चोर आहात. कॉलेजात गेल्यापासून तिची भाषा अशी धारदार झाली आहे.

हा नाद मला लागला त्याला कारण भिवंडी. माझं लहानपण लूमच्या गल्लीत गेलं. गणपतीत आमचं मंडळ गल्लीत पडदा लावून पिक्चर दाखवायचं, पण दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने आणि त्यांची रात्रंदिवस खडखड. पडद्यावरचा माणूस धमकी देतोय की पत्ता विचारतोय, हे आम्हाला शेवटपर्यंत कळायचं नाही. एका वर्षी पिक्चरवाल्याने चुकून मूकपटांची रिळं आणली. पडद्यावर एक जाडजूड साहेब चिखलात आडवा झाला आणि आमच्या गल्लीला आयुष्यात पहिल्यांदा एक पिक्चर संपूर्ण समजला. त्या दिवशी माझ्यासारखे पुष्कळ जण हसले, पण बाकीचे पुढे सुधारले.

त्या पडद्याच्या शेजारच्याच कारखान्यात माझे वडील, म्हणजे अण्णा, जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. खारबावची शेती सोडून ते विशीत भिवंडीला आले आणि पुढची चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभे राहिले. तिथे बोलून काही ऐकू जात नाही, म्हणून लूमची माणसं हातांनी बोलतात. तार तुटली, चहा आला, शेठ आला, शेठ गेला, सगळ्याला खुणा आहेत. ओठ बघून तर ती समोरच्या रांगेतल्या माणसाचं घरगुती भांडणसुद्धा समजून घेतात. अण्णा त्यात तरबेज. पण कारखान्याने चाळीस वर्षांत त्यांचे कान मात्र ठेवून घेतले.

आधी आमच्या लक्षातच आलं नाही. जेवताना आम्ही कशावरून तरी हसायचो, आणि अण्णाही हसायचे. मग एके दिवशी ज्योतीने मला हळूच दाखवलं की अण्णा आमच्यानंतर हसतात. आधी आमच्या तोंडांकडे बघतात, सगळे हसताहेत अशी खात्री करून घेतात आणि मग हसतात. घास भरल्या तोंडांनी सगळे एकदम बोलत असताना ते ओठ तरी कोणाचे वाचणार? विनोद त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी एक गाढवपणा केला. पुढच्या वेळी मी तोच विनोद त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने, सावकाश, समजावून सांगितला. विनोद समजावून सांगितला की त्याचं काय होतं, ते माझ्यासारख्या जाणकाराला माहीत असायला हवं होतं. अण्णा 'बरं' म्हणाले. त्या दिवसापासून आम्ही हसायला लागलो की ते ताट उचलून आतल्या खोलीत जाऊ लागले.

कानाचं मशीन आणलं. त्यातून आमचं बोलणं कमी आणि कुकरची शिट्टी जास्त ऐकू यायची. चार दिवसांनी ते मशीन अण्णांनी पुसून, डबीत घालून, कपाटात आईच्या फोटोमागे ठेवून दिलं. आई असताना तिला त्यांच्या सगळ्या खुणा कळायच्या. ती घरी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या त्या लाकडी नळ्या, आणि तीही हातांनीच बोलायची. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि घरात ती भाषा येणारं कोणी उरलं नाही. मला 'चहा आला' एवढीच खूण येते.

तेव्हा मला सुचलं की ज्या पिक्चरला कान लागत नाहीत असे पिक्चर माझ्याकडे दोनशे आहेत! अण्णांनी एकदा, फक्त एकदा, आमच्याबरोबर वेळेवर हसावं, एवढीच माझी इच्छा. मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि माझ्या संग्रहातली सगळ्यात भारी फिल्म लावली. शिडी, दोन रंगारी, रंगाच्या बादल्या आणि खालून जाणारा टोपीवाला साहेब. तीस वर्षांत ही फिल्म बघून न हसलेला माणूस मला भेटला नव्हता. अण्णा पुढे वाकून बघत होते. पहिला रंगारी शिडीवरून कोसळला. मी अण्णांकडे बघितलं.

"लागलं आसंल रं त्याला," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं की नाही लागलं, खोटं असतं ते. ते म्हणाले की माणूस खरा हाय, शिडी खरी हाय, जमीन खरी हाय, मग खोटं काय हाय? दुसरा रंगारी पडला तेव्हा त्यांनी शिडीच्या पायाला गोणपाट बांधलेलं नाही हे दाखवून दिलं. (मुद्दा बरोबर होता. मी गोदामात हेच सांगतो.) टोपीवाल्या साहेबाच्या अंगावर बादली उलटली तेव्हा रंगाऱ्यांची नोकरी जाणार म्हणून ते हळहळले. आणि फिल्म संपल्यावर त्यांनी मला विचारलं की, त्या पहिल्याला घरी पोरंबाळं असतील का? पुढचे आठ दिवस मी रोज एक फिल्म लावली आणि रोज अण्णा कोणत्यातरी परक्या मुलखातल्या, केव्हाच वारलेल्या माणसाच्या कमरेची चौकशी करून झोपायला गेले. त्यांच्या कारखान्यात शिडीवरून पडलेल्या माणसाला बघून कोणी हसत नसे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

ज्योती म्हणाली की, आता पुरे करा, त्या माणसाला नका छळू. पण माझं मत पडलं की दोष टीव्हीचा आहे. अशी फिल्म एकट्याने बघायची नसते, घोळक्याने बघायची असते. मोठा पडदा, अंधार आणि शेजारी हसणारी माणसं पाहिजेत. महिन्याभरात अण्णांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती. आणि अण्णांचा जुना कारखाना रिकामा पडला होता. लूम भंगारात गेले होते आणि मालकाच्या मुलाने आनंदाने एका दिवसासाठी चावी दिली. वाढदिवस शुक्रवारी आला होता. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणजे शेजारचे कारखानेही बंद आणि अण्णांचे दोस्तही मोकळे. मी रजा टाकली.

अण्णांचे तीन जुने सोबती बोलावले. त्यांतले इस्माईलचाचा अण्णांच्या समोरच्या रांगेत तीस वर्षं लूम चालवत होते. उरलेले दोघे बीम वाहायचे. बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला अवजड रूळ. तो खांद्यावर घेऊन चालणारी माणसं ही, त्यामुळे पंच्याहत्तरीतही दंड लाकडासारखे. जुम्म्याची नमाज आटोपून चाचा तीनला हजर झाले. चौघे एकमेकांना कारखान्याच्या दारात भेटले आणि लगेच हातांनी बोलायला लागले. इतकं बोलताना मी अण्णांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. चौघांत मिळून नीट ऐकू येणारा कान एकही नव्हता. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ठेवली नाही.

पडदा भिवंडीत विकत आणायचा म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. मी कोऱ्या कापडाचा एक ताका आणला, ज्योतीने तीन पट्टे जोडून शिवले आणि वरच्या काठात एक लोखंडी पाईप सरकवला. पाईपच्या मधोमध कापडाबाहेर एक कडी होती. तिला दोर बांधला, दोर छताच्या तुळईवरून पलीकडे टाकला आणि पडद्यामागच्या खांबाला गुंडाळला. दोर ओढला की पडदा वर. खाली प्रेक्षकांसाठी गाद्या अंथरायच्या होत्या. त्या अण्णांनी स्वतः अंथरल्या आणि दोन जास्तीच्या गाद्या थेट पडद्याच्या पायाशी टाकल्या. तिथे कोण बसणार, असं मी हातवारे करून विचारलं. त्यांनी शिडीकडे बोट दाखवलं.

मला जरा राग आला. सेफ्टी ऑफिसरला कोणी असं सांगतं का? खारबावहून काकांचं कुटुंब आलं होतं, दहाबारा माणसं होती, त्यांच्यासमोर मी मुद्दाम सगळी तयारी दाखवली. गोदामातून आणलेलं पिवळं हेल्मेट चढवलं. कमरेला आणि खांद्यांना पट्टा बांधला. शिडीच्या पायाला गोणपाट बांधलं आणि अण्णांकडे बघितलं. मग शिडी चढता चढता, पट्टा नुसता बांधून भागत नाही, तो डोक्याच्या वर मजबूत जागी अडकवावा लागतो, असं काकूंना समजावून सांगितलं. कापडाला वर एक घडी पडली होती, ती सरळ करायची होती. तुळई जाड, माझा हूक तिच्यात बसेना. मजबूत जागा शोधताना मला पाईपची ती कडी दिसली. लोखंडी, जाड, डोक्याच्या वर. मी खटकन हूक अडकवला आणि काकूंना म्हटलं की, आता काहीही झालं तरी मी पडू शकत नाही.

माझं हे बोलणं चालू असताना पडद्यामागे अण्णा आणि त्यांचे सोबती पडद्याचा खालचा काठ तपासत होते. आयुष्यभर कापड बघितलेली माणसं ती. काठ जमिनीला टेकत होता! कोरं कापड जमिनीला लागलं तर डाग पडतो, आणि डागाचं कापड पुढे चालत नाही. हे त्या चौघांच्या अंगात इतकं भिनलेलं की पडदा कोणी विकत घेणार नाहीये, हा विचारही त्यांना शिवला नाही. चाचा मोठ्याने म्हणाले, "जॉबरसाब, डेढ हाथ ऊपर लो." ते मी शिडीवर ऐकलं, पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल, असं मला वाटलं नाही. चौघांनी खांबाचा दोर सोडला आणि ओढला.

पडदा वर गेला, पाईप वर गेला, कडी वर गेली. आणि मीही गेलो.

माझं वजन भरल्या पोटी अठ्ठावन्न किलो आहे. त्या चौघांतल्या दोघांनी आयुष्यभर बीम उचलले होते. पडदा जरा जड लागतोय, एवढंच त्यांना जाणवलं असेल. माझे पाय शिडीवरून सुटले. मी पायानेच शिडी पकडायला गेलो तर ती सावकाश कलली आणि निघून गेली. मी ओरडलो की थांबा. पडद्यामागून उत्तर नाही. मग 'अण्णा थांबा' असं ओरडलो. मग 'चाचा, रुको' असं हिंदीत ओरडून बघितलं, जसा काही प्रश्न भाषेचा होता! त्या आठ कानांपैकी एकानेही दखल घेतली नाही. मी आता जमिनीपासून सहासात फुटांवर पडद्यासमोर लोंबकळत होतो आणि पट्टा मला काखेत आणि नको तिथे कापत होता.

समोरची माणसं का धावली नाहीत, असं तुम्ही विचाराल. काका-काकूंना वाटलं की हा कार्यक्रमाचा भाग आहे. घरात पडणाऱ्या माणसांचं वेड कोणाला आहे, ते सगळ्या खारबावला ठाऊक. ज्योती बाहेर वड्यांच्या तेलापाशी होती. मनवा मोबाईलवर हे सगळं टिपत होती, कारण अण्णांच्या वाढदिवसाची आठवण ठेवायची, असं मीच तिला सांगितलं होतं. प्रोजेक्टरवाल्या माझ्या भाच्याने तेवढ्यात फोकस जुळतोय का बघायला फिल्म सुरू केली. तीच, रंगाऱ्यांची. रंगारी माझ्या पोटावरून चढायला लागले.

पुढे काय झालं ते मला नंतर चाचांनी सांगितलं. पडद्यामागे ते चौघे दोर धरून काठ बघत होते आणि अचानक समोरचं कापड उजळलं. त्यावर एक काळी सावली. डोक्यावर टोपी, कंबरेत वाकलेली, हात पंख्यासारखे फिरताहेत, पाय हवेत सायकल चालवताहेत. एक क्षण चौघे बघत राहिले. चाचांना वाटलं की पिक्चर सुरू झाला.

अण्णांना तसं वाटलं नाही. अण्णांनी मला लगेच ओळखलं. आणि मला पडद्यापलीकडून एक आवाज ऐकू आला. आधी खोकल्यासारखा, मग हुंदक्यासारखा, मग मोकळा. मी लोंबकळत तो आवाज ऐकत होतो आणि हे कोण, असा विचार करत होतो, कारण तो आवाज मी विसरलो होतो. अण्णा हसत होते. कोणाच्याही तोंडाकडे न बघता. समोर अजून कोणी हसलं नव्हतं, हा कार्यक्रम नाही हे कळून सगळे घाबरून उभे राहत होते. अण्णा सगळ्यांच्या आधी हसले. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पोटभर हसणाऱ्या माणसाच्या हातात जोर राहत नाही.

अण्णांचा हात सुटला. ते हसताहेत हे पाहून चाचा हसले, चाचांचा सुटला. उरलेल्या दोघांनी दोन सेकंद तग धरला.

मी आलो तो थेट अण्णांनी अंथरलेल्या दोन गाद्यांवर. माझ्या पाठोपाठ पाईप आला आणि हेल्मेटवर टण्णकन वाजला, मग सगळा पडदा घड्या पडत माझ्यावर. आत मऊ अंधार होता. मला काहीही लागलं नव्हतं. हेल्मेट, पट्टा, गादी, सगळ्यांनी आपापली ड्युटी चोख केली होती. मी कापडातून बाहेर आलो. हेल्मेट एका कानावर आलं होतं, ते सरळ केलं. शर्ट खाली ओढला. आपल्याला कोणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. सतरा माणसं पाहत होती, त्यात तेलाचा झारा घेऊन धावत आलेली ज्योती. मी म्हटलं की घाबरू नका, सेफ्टीचा फायदा तो हाच. आणि ऐटीत एक पाऊल गादीच्या बाहेर टाकलं.

लूम भंगारात गेले तरी कारखान्याच्या कोपऱ्यात कांड्या शिल्लक राहतातच. एक माझ्या टाचेखाली आली.

या दुसऱ्या पडण्यात गादी नव्हती. पण मी खाली बसलो तेव्हा पडदा खाली आल्यामुळे मागचे अण्णा समोर दिसत होते. एक हात खांबाला आणि एक हात पोटाला लावून ते इतके हसत होते की त्यांना उभं राहवत नव्हतं. ते हसताहेत म्हणून मनवा हसली, मग काका-काकू, मग ज्योतीने झारा बाजूला ठेवला आणि तीही हसली. दोन वर्षं आमच्यामागून हसणाऱ्या माणसाच्या मागून आम्ही सगळे हसत होतो. मी फरशीवर बसल्या बसल्या हसलो. माझ्या हसण्यात थोडं रडू होतं, पण त्यातलं निम्मं माकडहाडाचं होतं.

मग जमिनीवरूनच दोर ओढून पडदा पुन्हा वर घेतला (या वेळी मला शिडीपासून लांब बसवलं होतं) आणि फिल्म लागली. तिला अण्णा हसले नाहीत. रंगारी पडला तेव्हा त्यांनी नेहमीसारखी हळहळ व्यक्त केली. मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असं विचारलं की, त्या बिचाऱ्याला हसत नाही, मग मला कसे हसलात? मी तुमचा पोटचा ना?

अण्णा म्हणाले, "त्याला ना पट्टा, ना टोपी, ना खाली गादी. तुला सगळं व्हतं. गाद्या मीच टाकल्यात. तुला काय व्हनार न्हाय हे मला ठावं, मंग हसायला काय हरकत हाय?"

तीस वर्षं मी या विषयाचा अभ्यास करतो आहे. टोपी, ऐट, बादली, शिडी, सगळ्यावर मला मतं आहेत. पण समोरच्याला लागणार नाही एवढी खात्री झाली की मगच माणूस मोकळा हसतो, हा पहिला नियम माझ्या यादीत नव्हता. तो एका जॉबरने मला सांगितला. तोही माझ्यावर प्रयोग करून.

आता अण्णा संध्याकाळी आतल्या खोलीत जात नाहीत. मनवाने टिपलेलं ते सव्वादोन मिनिटांचं पिक्चर ते रोज टीव्हीवर लावायला सांगतात. येईल त्याला दाखवतात. दूधवाल्याने ते चार वेळा पाहिलं आहे. प्रत्येक वेळी सुरू होण्याआधी अण्णा पाहुण्याला बजावतात की, पोराला काय लागलं न्हाय हां, बिनधास्त हसा. परवा त्यांनी ज्योतीला त्यातली बारकी गोष्टही दाखवली. "पडतो त्यात मजा न्हाय," ते म्हणाले, "उठून टोपी नीट करतो ना, ती बग." ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. ती कुकर लावायला निघून गेली.

मोबाईल ते मोबाईल फिरत ते पिक्चर मानकोलीलाही पोचलं. माझ्या मॅनेजरने ते नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये घातलं आहे, 'हूक कुठे अडकवू नये' या धड्याखाली. मी तो धडा शिकवतो. मीच दाखवतो.

एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून, उभ्याने लिहून. माकडहाडाला तडा आहे. डॉक्टरांनी दीड महिना टेकायचं नाही म्हणून सांगितलंय. अण्णांना हे ठाऊक नाही. त्यांना कळलं तर ते पिक्चर बंद करतील आणि माझ्याही कमरेची हळहळ सुरू होईल. म्हणून मी त्यांना सांगितलंय की गोदामात नवा नियम आलाय, सेफ्टी ऑफिसरने बसायचं नाही. ते त्यांना पटलंही.

पण घरात तो नियम चालत नाही. हे बघा, आत्ताच बाहेरून त्यांची हाक आली की पिक्चर लाव आणि ये इकडं, बस माझ्या बाजूला. त्यांच्या बाजूला लाकडी स्टूल आहे. मी जातो आणि बसतो. चोळायचं नाही, हा नियम माझाच आहे.